क्षमा एकदाच, की पुन्हा पुन्हा?

बाबेलच्या फौजांनी यरुशलेम उद्ध्वस्त केले ते इ.स.पू. 587 च्या सुमारास. त्याच काळातल्या यिर्मया संदेष्ट्याने नव्या कराराचे अभिवचन सांगितले: देव आपले नियमशास्त्र लोकांच्या हृदयावर लिहील आणि त्यांची पापे पुन्हा आठवणारही नाही. पुढे ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, हे अभिवचन येशूच्या मरणाशी जोडले. बायबलच्या नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’च्या आठव्या अध्यायात यिर्मयाचा तो उतारा आला आहे. पण त्याच पत्राचा सहावा अध्याय बजावतो, की प्रकाश मिळूनही जे पतित झाले त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे. मग बाप्तिस्म्यानंतर, म्हणजे पापे धुऊन मंडळीत घेणाऱ्या जलविधीनंतर, घसरलेल्याचे काय?

हा प्रश्न पेटला रोमन सम्राट डेसियसमुळे. सर्वांनी रोमन देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, हे त्याचे फर्मान इ.स. 250 मध्ये अमलात आले. पपायरसवरचे असे दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी खरोखर बळी दिला. काहींनी अधिकाऱ्यांचे हात ओले करून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक मंडळीत परत येऊ लागले, काही जण तर श्रद्धेसाठी तुरुंग भोगलेल्यांच्या शिफारसपत्रांसह. वशिलाच म्हणायचा!

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात स्वतः लपून राहिला होता, त्यामुळे त्याची स्थिती अवघडच होती. 251 मध्ये बिशपांच्या सभेत तोडगा निघाला: नुसता दाखला घेणाऱ्यांना चौकशी करून परत घ्यावे, बळी देणाऱ्यांनी मात्र प्रायश्चित्त करत राहावे आणि क्षमा मृत्युशय्येवर मिळावी. लवकरच नव्या छळाची चाहूल लागली आणि ही अटही सैल झाली. ज्यांना उद्या ख्रिस्तासाठी रक्त सांडायला सांगायचे, त्यांना आज प्रभुभोजनाच्या प्याल्यापासून दूर कसे ठेवायचे, असा सिप्रियनचा बिनतोड सवाल होता.

रोममधल्या नोव्हेशियन या धर्मगुरूला हे मान्य नव्हते. देवाने हवी तर क्षमा करावी, मंडळीला तो अधिकार नाही, असे म्हणत त्याने वेगळी चूल मांडली. त्याला निव्वळ निर्दयी ठरवणे मला पटत नाही. जे छळात मेले त्यांच्या निष्ठेचे मोल काय, हा त्याच्या बाजूचा प्रश्न खराच होता. त्याचा पंथ काही शतके टिकला. 325 मध्ये निकेया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या वेळी सम्राट कॉन्स्टंटाइनने या पंथाच्या बिशपला, ‘शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ,’ असे सुनावल्याचा किस्सा पाचव्या शतकातला इतिहासकार सोक्रातेस सांगतो. गंमत म्हणजे खुद्द कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो 337 मध्ये, मृत्यूच्या तोंडावर. बाप्तिस्म्यानंतरच्या मोठ्या पापासाठी जाहीर प्रायश्चित्ताची संधी आयुष्यात एकदाच मिळे, म्हणून अनेक जण बाप्तिस्माच लांबणीवर टाकत.

ही कोंडी फोडली आयर्लंडच्या मठवासीयांनी. खाजगीत पाप कबूल करायचे, नेमून दिलेले प्रायश्चित्त करायचे आणि पुन्हा घसरल्यास पुन्हा यायचे, ही त्यांची रीत सहाव्या-सातव्या शतकांपासून युरोपभर पसरली. 1215 मध्ये रोममधल्या लॅटरन इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने तर वर्षातून एकदा तरी पापकबुली प्रत्येक समजत्या वयाच्या ख्रिस्ती माणसाला बंधनकारक केली.