पटांगण सपाट करण्याआधी हे वाचा

मुख्याध्यापक, संस्थाचालक, शाळा व्यवस्थापन समिती आणि पालकांसाठी माहितीपत्रक

आम्ही शाळांची पटांगणं तयार करून देतो. आम्हाला येणारे बहुतेक फोन एकाच मागणीचे असतात. "मैदान फार खडबडीत आहे, जरा लेव्हल करून पेव्हर ब्लॉक टाकून द्या." काम सोपं असतं, जेसीबी दोन दिवसांत उरकतो आणि आमचं बिलही चांगलं होतं. तरी आम्ही आधी एक प्रश्न विचारतो: तो कोपऱ्यातला उंचवटा, ती तिरकी वाढलेली चिंच आणि कुंपणाकडचे धोंडे, मधल्या सुट्टीत तिथे कोण असतं? बहुधा उत्तर येतं, "सगळी पोरं तिथेच तर असतात, म्हणून काढायचंय."

काढू नका, असं आमचं म्हणणं आहे. का, ते पुढे सांगतो.

वडाखाली सूरपारंब्या खेळलेल्या माणसाला यातलं बरंचसं समजावून सांगावं लागत नाही. पायाखालून काठी लांब भिरकवायची, राज्य असलेला ती आणायला पळाला की बाकीच्यांनी सरसर झाडावर चढायचं, तो शिवायला वर आला की पारंबी धरून खाली, आणि पुन्हा काठीकडे धूम. नियम गावागणिक बदलतात, भांडणं सगळीकडे सारखीच. पण एका डावात फेकणं, धावणं, चढणं, लोंबकळणं, उडी मारणं आणि जमिनीवर येताना गुडघे दुमडणं हे सगळं होऊन जातं, आणि त्यातलं काहीच कुणी शिट्टी वाजवून शिकवलेलं नसतं.

लहान मुलांच्या हालचालींची मूळ कौशल्यं ढोबळपणे तीन गटांत धरतात. पहिला गट जागा बदलण्याचा: धावणं, उडी, लंगडी, चढणं. दुसरा तोल सांभाळण्याचा. तिसरा वस्तू हाताळण्याचा: फेकणं, झेलणं, लाथाडणं. पूर्वप्राथमिकपासून तिसरी-चौथीपर्यंतची वर्षं यांच्यासाठी मोलाची असतात. नुसतं वय वाढलं म्हणून ही कौशल्यं अंगात येत नाहीत, त्यांना वापर लागतो. सातवीतलं पोरगं खेळाच्या तासाला कट्ट्यावर बसून राहतं तेव्हा ते नेहमी आळशी नसतं. कित्येकदा त्याला चेंडू झेलता येत नसतो आणि ते चारचौघांत दिसू द्यायचं नसतं.

ओबडधोबड जागेत असं काय असतं?

शाळेचा जिना आठवा. सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या. दोन पायऱ्या चढल्या की पुढच्या सगळ्यांचा अंदाज पायाला येतो, डोळे मिटूनही चढता येतं. झाडाच्या दोन फांद्या मात्र कधी एकसारख्या अंतरावर नसतात. धोंड्यावरून धोंड्यावर उडी मारताना प्रत्येक उडी वेगळी असते, कारण पुढचा दगड जवळ, तिरका, ओला किंवा डगमगणारा असू शकतो. मुलाला दर पावलाला नवं गणित मांडावं लागतं. डोळे अंतर मोजतात, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय डोकं कुठे कललंय ते सांगतं, घोटा आणि तळवा जमिनीचा उतार कळवतात. सपाट पेव्हरवर या तिघांना फारसं काम उरत नाही.

जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेली एक कल्पना आमच्या धंद्यात रोज उपयोगी पडते. माणूस आजूबाजूच्या वस्तूंमध्ये आधी त्यांचा उपयोग पाहतो, असं ते म्हणत. मोठ्यांना ओंडका दिसतो. मुलाला दिसतं ते 'यावरून चालता येईल', 'याच्यामागे लपता येईल'. घसरगुंडीचा वापर ठरलेला असतो: वर जा, खाली या. मुलं उलट्या बाजूने चढायला लागली की शिक्षक ओरडतात. खरं तर त्यांना तेवढ्यात काहीतरी नवं सापडलेलं असतं.

नॉर्वेतली पाहणी

इंगुन फ्योर्टोफ्ट यांनी नॉर्वेच्या टेलेमार्क भागात केलेलं काम २००१ साली प्रसिद्ध झालं. ५ ते ७ वर्षांची ४६ मुलं रोज एक-दोन तास बालवाडीशेजारच्या छोट्या जंगलात खेळत होती. तुलनेसाठी घेतलेली २९ मुलं नेहमीच्या अंगणातच खेळत आणि जंगलात कधीमधीच जात. साधारण नऊ महिन्यांच्या आधी आणि नंतर दोन्ही गटांची एकच चाचणी घेतली: एका पायावर उभं राहणं, विरुद्ध बाजूच्या हाताने गुडघ्याला टाळी देत राहणं, लोंबकळणं, उडी, धावणं. जंगलातल्या मुलांची सरशी सगळ्यात ठळक दिसली ती तोल आणि हातापायांचा मेळ यांत. मुलांना कसलंही प्रशिक्षण दिलं नव्हतं. झाडं, खडक आणि चढउतार होते, बाकी मुलांनीच शोधलं.

मुलं थोडी होती आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे या एका कामावर अख्खा डोलारा उभा करू नये. शिवाय नॉर्वेचं जंगल आणि आपलं पटांगण यांत फरक आहे. पण चढ, खोड, दगड यांचं शरीराशी जे नातं आहे ते तिथेही तेच, इथेही तेच.

वेळेचाही हिशोब करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल हवी. मधली सुट्टी अर्ध्या तासाची, त्यात डबा. दहा-बारा मिनिटं उरतात आणि एका घसरगुंडीला तीस मुलांची रांग. टेकाडावर रांग लागत नाही.

मैदान मात्र ठेवाच

टेकाड आणि झाडं झेलायला-फेकायला शिकवत नाहीत. त्याला सपाट जागा लागते. खो-खो, लंगडी, कबड्डी, आट्यापाट्या, क्रिकेट, सगळ्यांना लागते. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीतही शाळेला खेळाचं मैदान हवं असं म्हटलं आहे. त्यामुळे अख्खं मैदान 'नैसर्गिक' करून द्या, असं कुणी म्हणालं तर आम्ही नाही म्हणतो. मधला भाग मोकळा आणि सपाट, कडा आणि कोपरे चढउताराचे, अशी वाटणी आम्हाला पटते. लगोरीसाठी चपटे दगड हवेत, ते कडेला मिळतात, फोडायला मैदान आहेच.

आम्ही काय करतो

टेकाड: मुरमाचा भराव थराथराने धुमसून, वर मातीचा थर आणि त्यावर हरळी. उंची ४ फुटांच्या आत. एका बाजूला धावत चढता येईल असा सौम्य उतार, दुसऱ्या बाजूला हात टेकून चढावं लागेल असा. काळी माती वर टाकू नका. पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत पाय मुरगळतो. पहिला पावसाळा पूर्ण होईपर्यंत हरळीवर मुलांना सोडू नये. हे शाळांना सगळ्यात जड जातं.

ओंडके: आम्ही यासाठी झाड तोडत नाही. पावसाळ्यात पडलेली आणि रीतसर परवानगीने उचललेली खोडं घेतो. बाभूळ टिकते. गुलमोहराचं लाकूड लवकर भुसभुशीत होतं, ते नको. रेल्वेचे जुने स्लीपर कुणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका, त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायला वापरतात ते डांबरासारखं विषारी तेल, मुरलेलं असतं. आणि वाळवीचं खरं सांगायचं तर ती लागणारच. ओंडका कायमचा नसतो, काही वर्षांनी बदलावा लागतो, हे अंदाजपत्रकातच लिहून देतो.

दगड: घाटावर काळा दगड, कोकणात जांभा. काळा दगड एप्रिल-मेमध्ये अनवाणी पायाला चटका देतो, म्हणून तो झाडाच्या सावलीतच. निम्मा जमिनीत पुरलेला असला म्हणजे हलत नाही.

वाळू: धुतलेली, गोल दाण्याची. क्रशरची वाळू बांधकामाला ठीक आहे, पण तिचे दाणे टोकदार असतात आणि धूळ फार उडते. रात्री वाळू झाकायलाच हवी, नाहीतर गावातली मांजरं तिचा उपयोग आमच्याआधी शोधून काढतात.

जुनं झाड असेल तर आमचं काम सगळ्यात कमी. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी सोडतो, सिमेंटचा पार चढवत नाही. एका शाळेत आम्ही मोजमाप घ्यायला गेलो आणि वडाच्या सुकलेल्या फांद्या तेवढ्या छाटायला सांगून परत आलो. त्या महिन्यात धंदा झाला नाही, पण सल्ला तोच योग्य होता.

चालताना अडचण असलेल्या मुलांसाठी घट्ट दाबलेल्या मुरमाची वाट आधी आखतो. चाकाची खुर्ची जाईल इतकी रुंद आणि चढ १२ फुटांना १ फुटापेक्षा जास्त नाही. ही वाट टेकाडाच्या माथ्यापर्यंत जाते, नुसती पायथ्याशी थांबत नाही.

"पडली तर?"

पडतील. गुडघे खरचटतील. डोक्याला मार बसू नये, हे मात्र आमचं काम. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत ९ इंच वाळूचा थर ४ फुटांवरून पडण्यापुरता धरला आहे. आमची उंचीची मर्यादा तिथूनच आली. चढण्याच्या वस्तूखाली कोबा किंवा पेव्हर कुठल्याच उंचीला चालत नाही. गंमत अशी की लोखंडी जंगलजिमखाली पेव्हर टाकताना कुणी आम्हाला हा प्रश्न विचारत नाही, ओंडका ठेवताना विचारतात.

झाडासाठी दोन नियम शिक्षकांना सांगतो. मोठ्यांनी मुलाला उचलून फांदीवर बसवायचं नाही, जिथवर ते स्वतः चढेल तिथवरच त्याची हद्द. आणि मुलाच्या दंडापेक्षा बारीक फांदीवर पाय द्यायचा नाही. शेवग्याची फांदी जाड दिसली तरी कडकन मोडते, त्यावर चढणं बंदच. लोंबणाऱ्या कोवळ्या पारंब्याही झोक्याला नाहीत, जमिनीत रुजलेल्या चालतात.

साप-विंचवाची भीती पालक हमखास काढतात आणि ती रास्त आहे. म्हणून ओंडके नुसते ठेवत नाही, पुरतो आणि खालच्या फटी मुरमाने ठासून भरतो. दगडांचे ढीग, पालापाचोळ्याचे ढिगारे, गुडघाभर गवत ठेवू देत नाही. दर सोमवारी शाळा भरण्याआधी शिपाईमामांनी काठीने एक फेरी मारायची. झाडावर आग्या मोहोळ बसलंय का, तेही त्याच फेरीत बघायचं. जुने टायर आम्ही लावत नाही, कारण त्यांत पाणी साचतं आणि आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.

कण्हेर, बिट्टी, एरंड, गुंज आणि घाणेरी खेळण्याच्या जागेजवळ नकोत. असतील तर काढून घ्या. गाजर गवतही फुलण्याआधी मुळासकट उपटा.

खर्च आणि पाहणी

खर्चातला मोठा वाटा मालाचा नसतो, जेसीबीचा आणि वाहतुकीचा असतो. गावात ट्रॅक्टर आणि श्रमदान मिळालं तर आकडा बराच खाली येतो. जिल्हा परिषदेच्या शाळांनी आधी ग्रामपंचायतीला विचारावं, कुठेतरी रस्त्याच्या कामाचा मुरूम पडून असतो.

पाहणीला आम्ही मधल्या सुट्टीतच येतो आणि पहिला अर्धा तास नुसते उभे राहतो. मुलं कुठून पळतात, कशावरून उड्या मारतात, कुठली भिंत घासून गुळगुळीत झालीय, हे बघतो. नकाशा त्यावरून काढतो. तेव्हा आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी मैदान झाडून, दगड उचलून ठेवू नका.