मीटरवरचा लाल दिवा

घरातले दिवे-पंखे बंद करा, टीव्ही नेहमीसारखा रिमोटनं बंद करा, फ्रिजचा प्लग काढा आणि मीटरपाशी जाऊन उभे राहा. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी बहुधा 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो; एक युनिट वीज गेली की दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. दोन लुकलुकींमधले सेकंद मोबाइलवर मोजा. मीटर 3200 चा असेल तर 1125 ला त्या सेकंदांनी भागा, 1600 चा असेल तर 2250 ला. आलेला आकडा म्हणजे त्या क्षणी घर खात असलेले वॅट.

समजा 3200 च्या मीटरवर 25 सेकंद आले. म्हणजे काहीही ‘चालू’ नसताना 45 वॅट, महिन्याला 32 युनिट. बहुतेक वेळा यामागे सेट-टॉप बॉक्स, राउटर, टीव्ही आणि इन्व्हर्टर असतात. रिमोटनं बंद केलेला सेट-टॉप बॉक्स फक्त डोळे मिटतो, झोपत नाही; त्याला भिंतीवरच्या बटणानंच बंद करावं लागतं. एकेक प्लग काढत पुन्हा मोजलं की चोर सापडतो. घरातला मेन स्विच पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर ते मेन या वायरीत कुठेतरी गळती आहे किंवा दुसऱ्याच कुणाची जोडणी तुमच्या मीटरवर आहे. मग स्वतः हात न घालता वायरमनला बोलवा.

हीच मोजणी पंखा लावून करा. जुना पंखा 70 ते 80 वॅट घेतो. दिवसाला 15 तास धरले तर 75 वॅटच्या पंख्याचे महिन्याला जवळपास 34 युनिट होतात. रोज 20 मिनिटं चालणारा 2000 वॅटचा गिझर 20 युनिट खातो. रात्रभर राहिलेल्या 9 वॅटच्या एलईडीवरून घरात जी बोलणी बसतात, त्या दिव्याचे तर महिन्याला दोन-सव्वादोन युनिटच होतात! बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मोटरचा पंखा 28 ते 35 वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. तो बसवताना भिंतीवरचा रेग्युलेटर काढून वायर सरळ जोडायला सांगा. रेग्युलेटर मध्येच राहिला की पंखा घुमतो, अडखळतो आणि शेवटी आतलं सर्किट जाऊ शकतं. पंखा बदलायचा नसेल तर निदान खोक्याएवढा जुना, गरम होणारा रेग्युलेटर काढा. तो पंखा हळू करतो खरा, पण वाचलेल्या विजेतली बरीचशी स्वतः तापण्यात घालवतो. आणि पाचावर ठेवूनही पंखा मरगळलेला वाटत असेल, तर आधी कपॅसिटर, म्हणजे पंख्याच्या मोटरला जोर देणारा छोटा भाग, बदला. तो बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा असतो. जुन्यावरचा आकडा बघूनच नवा घ्या.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं खरं दुखणं मात्र स्लॅब. मे महिन्यात रात्री नऊ वाजता स्टुलावर उभं राहून छताला हाताची मागची बाजू लावून बघा. दुपारी गच्चीनं प्यायलेलं ऊन काँक्रीटमधून झिरपत काही तासांनी खाली येतं, म्हणून बाहेर गारवा आला तरी खोली तापलेलीच असते. अशा वेळी पंखा तोच गरम वारा अंगावर फेकतो आणि एसी स्लॅबशी झुंजत बसतो. पांढरी गच्ची ऊन आत शिरण्याआधीच परतवते.

सगळ्यात स्वस्त उपाय चुना. फेब्रुवारीत गच्चीवरचं शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडा, भेगा बुजवा, गच्ची धुवा. चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, लोखंडी पिंपात, पाण्यात थोडीथोडी सोडा. चुनकळीवर पाणी ओतू नका, उकळी उसळून डोळ्यांत जाते. चष्मा आणि हातमोजे हवेतच. रात्रभर मुरलेला चुना गाळून दुधाइतका पातळ करा, थोडा डिंक घाला आणि उन्हं उतरल्यावर ओलसर गच्चीवर दोन हात मारा, दुसरा पहिल्याला आडवा. कोरड्या, तापलेल्या स्लॅबवर चुना धरत नाही, हाताला पांढरा लागत राहतो. डब्यातला तयार उष्णतारोधक रंग वापरणार असाल तर नियम नेमका उलटा: स्लॅब पूर्ण कोरडा हवा, नाहीतर फुगे येऊन पापुद्रे सुटतात. चुना पावसाळ्यात बराचसा वाहून जातो, दरवर्षी लावावा लागतो. रंग काही वर्षं टिकतो, पण धुळीनं काळवंडला की निरुपयोगी, म्हणून तोही उन्हाळ्याआधी धुवायचा. सोसायटीत गच्ची सामायिक असते, तेव्हा आधी कमिटीची परवानगी घ्या.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून चिक किंवा शेडनेट लावा. काचेतून आत आलेलं ऊन पडद्यावर पडलं तरी ते खोलीतच राहतं. वाळ्याचे ओले पडदे नागपूर-अकोल्याकडे छान. कोकणात ते फक्त दमटपणा वाढवतात.

फ्रिजच्या दारात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर सैल झालंय. आधी ते साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा. चिकटपणा आणि मळ गेल्यावर बऱ्याचदा ते पुन्हा घट्ट बसतं. फ्रिजमागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडा.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटांपुढचा दर पहिल्या शंभरापेक्षा बराच चढा असतो आणि 300 च्या पुढे तो आणखी चढतो. वाचलेली युनिटं आधी तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यातून वजा होतात. म्हणून नव्या पंख्याची किंमत किती दिवसांत वसूल होईल हे काढताना बिलाची सरासरी धरू नका. बिलावरच्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर घ्या.