कोरोचं शार्त्र कॅथेड्रल : चित्रामागची गोष्ट

फ्रेंच चित्रकार कामी कोरोचं 'शार्त्र कॅथेड्रल' (शार्त्र या फ्रान्समधल्या गावातलं मोठं चर्च) पहिल्यांदा बघताना नजर आधी चर्चवर जातच नाही, मध्ये मातीचा ढिगारा येतो, त्यावर दोन किडमिडी झाडं, पुढ्यात दगड पडलेत आणि मग घरांच्या मागून ते दोन मनोरे वर आलेले दिसतात. एवढं मोठं कॅथेड्रल आणि त्याच्यासमोर हा ढिगारा! मला तर तिथेच चित्र आवडलं.

साल 1830. जुलैमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर तीन दिवस लढाई झाली, फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स गादीवरून गेला, आणि 34 वर्षांचा कोरो शहर सोडून शार्त्रला आला. त्याच्या आधी 1825 ते 1828 तो इटलीत होता, तिथे उघड्यावर बसून समोर जे दिसतंय ते, ऊन कुठे पडलंय सावली कुठे आहे हे बघून रंगवायची सवय हाताला लागलेली, आणि तेव्हाच्या पॅरिसमध्ये मान होता तो पुराणकथांतली माणसं घालून स्टुडिओत जुळवलेल्या निसर्गचित्रांना. घरचं कापडाचं-टोप्यांचं दुकान चांगलं चालायचं, वडील खर्चाला पैसे द्यायचे, त्यामुळे चित्र विकलं जाईल का ही चिंता त्याला नव्हती, हे फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

मनोरे नीट बघा, जोडी जुळत नाही. साधा, निमुळता आहे तो 12व्या शतकातला, आणि नक्षीदार उंच कळस झां द बोस या वास्तुकाराने 16व्या शतकाच्या सुरुवातीला चढवला, कारण आधीचा लाकडी कळस वीज पडून जळाला होता. कोरोने हा फरक तसाच ठेवलाय, उगाच सारखेपणा आणला नाही.

आणि छप्पर! कोरो तिथे बसला होता तेव्हा कॅथेड्रलवर जुनं शिशाचं छप्पर होतं, खाली लाकडाचा एवढा दाट सांगाडा की लोक त्याला 'जंगल'च म्हणायचे. सहाच वर्षांनी, जून 1836 मध्ये, आग लागली आणि ते सगळं गेलं. नशीब की खालची दगडी कमान टिकली आणि रंगीत काचाही वाचल्या. मग ओतीव लोखंडाचा सांगाडा करून वर तांब्याचे पत्रे घातले, आज फोटोत जे हिरवट छप्पर दिसतं ते हेच.

1872 मध्ये, म्हणजे 42 वर्षांनी, म्हाताऱ्या कोरोने या चित्रावर परत हात फिरवला. तोवर खऱ्या कॅथेड्रलवर तांब्याचं छप्पर आलेलं. चित्र 1906 पासून पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे.