वेळ माझी, ताकद माझी: एका जुन्या गैरसमजाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधल्या तरुणांशी बोलताना तीन समजुती हमखास पुढे येतात. माझं आयुष्य, मी म्हणेन तसं. माझी वेळ, मला हवी तशी. आणि अंगात जोर आहे तोवर ओढत राहायचं. या समजुती मोबाइलने आणल्या नाहीत; ख्रिस्ती विचार त्यांच्याशी फार आधीपासून झगडत आला आहे.

या झगड्याचं मूळ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये आहे. तिथे इस्राएली लोक दास होते. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात तिथला राजा फारो त्यांना विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद करतो, पण विटांची संख्या एकानेही कमी करत नाही. पुढे दहा आज्ञा दोनदा सांगितल्या आहेत. निर्गमात शब्बाथाचं, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचं, कारण सृष्टीची निर्मिती; अनुवाद या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात मात्र, तू मिसरात दास होतास हे आठव, असं बजावलं आहे. हा विसावा दासदासींना, बैलांना, उपऱ्यालाही आहे. म्हणजे सुटका झालेल्या माणसाची खूण त्याची मर्जी नव्हे. त्याच्यामुळे दुसऱ्यालाही थांबता येतं, ही ती खूण.

प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतियातल्या मंडळ्यांना, पत्रात हेच लिहिलं: स्वातंत्र्य एकमेकांच्या सेवेसाठी. 1520 मध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरने त्यावरच लेखन उभं केलं.

ताकदीचा वाद पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, धर्मपंडित ऑगस्टीनच्या काळात पेटला. माणूस स्वतःच्या इच्छाबळावर निष्पाप राहू शकतो, असं पेलाजियस नावाचा धर्मशिक्षक शिकवत होता. 418 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज इथल्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली. थकलेल्या माणसाला ‘तूच कमी पडलास’ म्हणणारे आपण आजही पेलाजियसचेच शिष्य आहोत, असं मला वाटतं.

सोलापुरात 1877 मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि दिवस भोंग्यावर चालू लागला. गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला तो कुठल्या पाद्र्याने नव्हे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 रोजी मुंबईत साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. 1891 च्या कायद्याने ती इतरत्र पोचली. रविवारी उपासनेला बसणाऱ्यांनी हे ऋण उघडपणे मानलं पाहिजे.

याच शहरात इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखालची सेटलमेंट, म्हणजे बंदिस्त वसाहत, होती. जन्माने गुन्हेगार ठरवलेली कुटुंबं तारेच्या कुंपणाआड हजेरी देत होती. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला संपला. ‘स्वातंत्र्य म्हणजे मनमानी नव्हे’ हा उपदेश कुंपणाआडच्या माणसाला करायचा नसतो. तो कुंपण घालणाऱ्याला करायचा असतो.

आता भोंगे थांबले आहेत, पण घरी विड्या वळणाऱ्या बाईला हजारामागेच मजुरी मिळते. वेळ तिचीच, मालक डोक्यावर नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण विड्यांचा आकडा भरला नाही तर पैसे कापले जातात, म्हणून रविवारीही तिच्या मांडीवरचं सूप उतरत नाही. मंडळीत विसाव्यावर प्रवचन होईल तेव्हा विटांचा तो अध्याय आधी वाचावा, आणि तिची मजुरी किती हेही विचारावं.