रेसिडेन्सी मुलाखतीनंतरचा संपर्क

अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतरच्या विशेष प्रशिक्षणाला रेसिडेन्सी म्हणतात. त्यासाठीची मुलाखत संपल्यापासून पसंतीयाद्या बंद होईपर्यंत उमेदवार आणि प्रशिक्षण देणारे रुग्णालय (तिकडच्या भाषेत 'प्रोग्रॅम') यांच्यात होणारी पत्रापत्री या नोंदीत येते. मुलाखती साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात होतात. याद्यांची मुदत फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चच्या आरंभी संपते आणि निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी, 'मॅच डे'ला लागतो.

या पत्रांना नियमांचे कुंपण का घातले, ते इतिहासावरून कळते. १९४०च्या दशकात रुग्णालये चांगले विद्यार्थी हेरून तारेने जागा देऊ करत आणि उत्तरासाठी घाई करत. १९४५ साली विचाराला दहा दिवस मिळत. १९४९ पर्यंत बारा तासांची मुदतही रुग्णालयांना जास्त वाटू लागली. या ओढाताणीवर उपाय म्हणून १९५२ मध्ये मध्यवर्ती जुळणी सुरू झाली. आज ती नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम, म्हणजे एनआरएमपी, चालवते. दोन्ही बाजू आपापली क्रमवार यादी देतात आणि जोड्या संगणक लावतो. १९९८ पासून वापरात असलेली पद्धत अल्विन रॉथ आणि इलियट पेरान्सन यांनी आखली. रॉथ यांना पुढे २०१२ साली लॉइड शॅप्ली यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या पद्धतीत जुळणीची सुरुवात उमेदवाराच्या यादीपासून होते. त्यामुळे कोणी काय आश्वासन दिले याकडे न पाहता खऱ्या आवडीचा क्रम लावणे हेच उमेदवाराच्या हिताचे ठरते.

तरीही पत्रे जातात, कारण रुग्णालयाची यादी शेवटी माणसेच करतात. सर्वात साधे ते आभारपत्र: मुलाखतीनंतर एक-दोन दिवसांत चार ओळींचा ईमेल. मध्यंतरी शोधनिबंध स्वीकारला गेला किंवा परीक्षेचा निकाल लागला, तर तेवढे कळवणारे पत्र जाते. 'लेटर ऑफ इंटरेस्ट'मध्ये मनापासूनची आवड सांगितलेली असते. 'लेटर ऑफ इंटेंट'मध्ये मात्र 'तुम्हालाच पहिला क्रमांक देणार' असे स्पष्ट शब्द असतात आणि संकेत असा की ते एकाच ठिकाणी पाठवावे. चार ठिकाणी पाठवले म्हणून संगणक अडवत नाही. पण एकाच विषयातले प्रोग्रॅम डायरेक्टर एकमेकांना ओळखतात, हे विसरू नये.

उलट बाजूनेही गोड पत्रे येतात. 'आम्ही तुम्हाला रँक टू मॅच करत आहोत' याचा अर्थ असा: दहा जागा असतील, तर तुमचे नाव पहिल्या दहांत आहे. हे खरे असेल आणि उमेदवाराने तो प्रोग्रॅम पहिला ठेवला असेल, तर जागा पक्की. पण 'तुम्ही आम्हाला फार आवडलात' या वाक्यातून यादीतला क्रम कळत नाही. असल्या पत्रांना विद्यार्थी थट्टेने 'लव्ह लेटर' म्हणतात. त्यांच्या भरवशावर यादी फिरवून पस्तावणारे दरवर्षी असतातच.

एनआरएमपीच्या नियमांनुसार दोन्ही बाजूंना आपणहून आवड सांगता येते, पण 'आम्हाला कितवा क्रमांक देणार?' किंवा 'आणखी कुठे अर्ज केलेत?' असे रुग्णालयाने उमेदवाराला विचारणे निषिद्ध आहे. कोणत्याही पत्राने कोणी बांधले जात नाही. बंधन असते ते जुळणीच्या निकालाचे. पत्रांचा हा ताणच नको म्हणून काही प्रोग्रॅम मुलाखतीच्या दिवशीच सांगून टाकतात, की आभारपत्रे पाठवू नका, उत्तर मिळणार नाही. मुलाखती ऑनलाइन झाल्यापासून रुग्णालय प्रत्यक्ष पाहण्याच्या 'सेकंड लुक' भेटीला महत्त्व आले आहे. तिचा दबाव पडू नये म्हणून काही ठिकाणी आधी स्वतःची यादी बंद करून मगच उमेदवारांना बोलावतात.

महाराष्ट्रातून एमबीबीएस करून तिकडे अर्ज करणाऱ्यांना हे सगळे अनोळखी वाटते. इथे नीट-पीजीचा क्रमांक आणि समुपदेशनाच्या फेऱ्या यांवर जागा ठरते; मुलाखत नाही, मग पत्र तरी कुणाला लिहिणार? त्यामुळे पहिल्या पत्रात 'रिस्पेक्टेड सर'पासून विनवणीपर्यंत सगळे येण्याची शक्यता असते. तिकडे त्याचा उपयोग होत नाही. मुलाखतीत झालेल्या एखाद्या नेमक्या बोलण्याचा उल्लेख जास्त लक्षात राहतो. जे-१ की एच-१बी, कोणता व्हिसा देता, हा प्रश्न मात्र प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला सरळ विचारावा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

मॅच डेच्या आठवड्यातल्या सोमवारी जागा मिळाली की नाही एवढेच कळते. ज्यांना मिळाली नाही ते उरलेल्या जागांसाठी 'सोप' या फेरीत उतरतात. तिथे नियम आणखी कडक आहे: प्रोग्रॅमने आधी संपर्क केल्याशिवाय उमेदवाराने फोन किंवा ईमेल करायचा नाही, आणि त्याच्या वतीने कॉलेजने किंवा नातेवाइकांनीही नाही.