चिखलात टायरला पकड देतं कोण?

मड-टेरेन (एमटी), म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरचे जाडजूड ठोकळे पाहिले की वाटतं, आता गाडी कुठेच अडणार नाही. ऑल-टेरेन (एटी), म्हणजे सगळ्या प्रकारच्या वाटांसाठीचा टायर त्याच्यापुढे अगदी सोज्वळ दिसतो. नुसत्या दिसण्यावर भाळून एमटी घेणारे पुष्कळ असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना खरं तर एटीची गरज असते. असं का, ते टायरपेक्षा माती जास्त नीट सांगते.

कोरड्या डांबरावर रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दबतं, त्याला चिकटतं आणि त्यातून पकड मिळते. चिखलात ही सोय नाही. वरचा ओला थर रबर आणि खालची घट्ट जमीन यांच्यामध्ये वंगणाचं काम करतो. तो थर पातळ असेल तर उंच ठोकळे तो कापून घट्ट जमिनीपर्यंत पोचतात. थर खोल असेल तर दुसराच खेळ सुरू होतो. ठोकळ्यांमधल्या खोबण्यांत माती दाबून भरते, आणि ही भरलेली माती खालच्या मातीपासून तुटायला जेवढं बळ लागतं, तेवढाच रेटा गाडीला मिळतो. म्हणजे पकड किती मिळायची ते शेवटी माती ठरवते. रबर कितीही भारी असलं तरी तिच्या ताकदीपलीकडे जाता येत नाही.

मातीची ही ताकद दोन गोष्टींतून येते: कणांचा आपसातला चिकटपणा आणि कणाकणांमधलं घर्षण. फ्रेंच अभियंता कूलॉम यांनी अठराव्या शतकात मांडलेलं हे गणित आजही वापरात आहे. पाण्याने तुडुंब झालेल्या चिकणमातीत घर्षण जवळजवळ संपतं, उरतो तो चिकटपणा. त्याचा फायदा मातीला टेकलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळतो. अशा वेळी गाडीत वजन टाकलं तर पकड वाढत नाही, गाडी तेवढी जास्त रुतते. कोरड्या वाळूचं उलट आहे. तिच्यात चिकटपणा नाही, सगळी भिस्त घर्षणावर.

एमटीचा खरा गुण नुसत्या उंच ठोकळ्यांत नाही, खोबण्या रिकाम्या होण्यात आहे. खोबण्यांत भरलेली माती तिथेच चिकटून बसली, तर तो टायर गोटा झालेल्या टायरइतकाच निरुपयोगी. एमटीच्या नक्षीत साधारण ४० ते ५० टक्के जागा मोकळी असते, एटीत ३० ते ३५ टक्क्यांच्या आसपास. खोबणी रुंद आणि तिच्या भिंती तिरप्या, म्हणून चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. हिशेब करून बघा. सुमारे ८० सेंटिमीटर व्यासाच्या टायरची कड ताशी २० किलोमीटर वेगाने फिरत असेल, तर खोबणीतल्या मातीला धरून ठेवायला तिच्या वजनाच्या जवळपास आठपट बळ लागतं. तेवढा चिकटपणा नसला की ती सुटते. ताशी ५ किलोमीटरला हेच बळ वजनाच्या निम्म्यावर येतं आणि चिकणमाती खुशाल बसून राहते. चिखलात मुरलेले चालक अधूनमधून चाक थोडं जोरात फिरवतात ते याचसाठी.

हाच प्रकार वाळूत केला तर मात्र गाडी बुडालीच म्हणून समजा. तिथे फिरणारा प्रत्येक ठोकळा फावड्याचं काम करतो आणि चाक स्वतःचाच खड्डा खणतं. वाळूत हवा असतो पसरट आणि मऊ टेकू. चंद्रावर १९७१ मध्ये अपोलो १५ सोबत गेलेल्या गाडीची चाकं आठवा: रबर नाही, हवा नाही, नुसती तारेची विणलेली लवचीक जाळी आणि तिच्यावर टायटॅनियमच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांनीही टेकणारा निम्माच भाग झाकला होता, बाकी जाळी उघडी. कोरड्या धुळीत उंच ठोकळ्यांचं काम नव्हतंच.

पृथ्वीवर हाच परिणाम हवा कमी करून मिळतो. टायर जमिनीवर जो दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. ३५ पीएसआयवरून १८ वर आलात की टेकणारा पट्टा बराच वाढतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. माझं स्पष्ट मत सांगतो: हवा उतरवलेला एटी हा हवा ठासून भरलेल्या एमटीला वाळूत तर मागे टाकतोच, खडकाळ वाटेवरही बऱ्याचदा भारी पडतो. फक्त फार खाली गेलात तर वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबरावर परतण्याआधी हवा भरलीच पाहिजे, नाहीतर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, सतत दुमडून तापते. म्हणून आधी हवेचा मीटर आणि छोटा कंप्रेसर घ्या, मग टायरच्या दुकानात जा.

आता डांबराकडे. तिथे एमटी सगळे हिशेब चुकते करून घेतो. उंच ठोकळे ब्रेक आणि वळणावर वाकतात, वाकून तापतात, इंधन खातात. आवाजाचं कोडंही यातच सुटतं. ठोकळे ७ सेंटिमीटर अंतराने असतील तर ताशी ८० किलोमीटरला सेकंदात सुमारे ३२० ठोकळे रस्त्यावर आपटतात, म्हणजे सलग गुणगुण. ती एकसुरी होऊ नये म्हणून कंपन्या मुद्दाम ठोकळ्यांची लांबी कमीजास्त ठेवतात. त्याने आवाज विखुरतो, पण जात नाही. पावसाचं तर विचारूच नका. साचलेलं पाणी बाजूला सारायला मोठ्या खोबण्या बऱ्या, पण रस्ते बहुतेक वेळा नुसतेच ओलसर असतात, आणि तो पातळ पापुद्रा पुसायला ठोकळ्यांवर बारीक चिरा लागतात. एटीत त्या भरपूर असतात, एमटीत मोजक्याच.

बर्फात तर नियमच उलटतो. खोबणीत दाबलेला बर्फ खालच्या बर्फाला छान धरतो, म्हणून तिथे तो टिकून राहिलेलाच बरा. टायरवरची नुसती ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही खूण नक्षीच्या घडणीवरून लावलेली असते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीत उतरलेला असतो. असे एटी बरेच मिळतात.

आकार वाढवण्याचा मोह झाला तर २६५/७० आर १७ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) च्या जागी २८५/७० आर १७ बसवून काय होतं ते पाहा. व्यास सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतो, काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ च्या पुढे असते आणि इंजिनाला तेवढं जास्त ओढावं लागतं. आणि टायर चार नकोत, पाच घ्या. फोर-व्हील ड्राइव्ह लावलेली असताना एक चाक वेगळ्या व्यासाचं असेल, तर पुढचा आणि मागचा आस एकमेकांविरुद्ध ताणले जातात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या आसांना वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर येतो. त्यामुळे टायर अदलाबदल करताना स्टेपनीलाही फेऱ्यात घ्या, म्हणजे पाचही सारखे झिजतील.