आजारपणात स्नायू वाचवायचे तर व्हे की कोलॅजेन?

खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस घरी येतो आणि बघता बघता मांड्या बारीक होतात. निरोगी ज्येष्ठांना १० दिवस नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं, तर पायांचा मांसलपणा जवळजवळ एक किलोने घटतो, हे मोजून पाहिलेलं आहे. मग घरचे प्रोटीनची पावडर आणायला निघतात. दुकानात व्हे आणि कोलॅजेन शेजारी शेजारी असतात. प्रोटीनचा आकडा दोन्हींवर ठळक, पावडर दोन्हींत पांढरट. पण झिजणारे स्नायू वाचवायचे, तर व्हेच घ्या.

दूध फाडून पनीर काढल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्यातलं प्रोटीन म्हणजे व्हे. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांना अमिनो आम्लं म्हणतात; शरीराला स्वतः बनवता येत नाहीत अशी नऊही त्यात असतात. त्यातलं ल्युसीन स्नायूंसाठी सर्वांत मोलाचं. ते रक्तात पुरेसं चढलं की स्नायू नवं प्रोटीन बांधायला घेतात. वय वाढलं की स्नायू हा इशारा सहजी ऐकत नाहीत, म्हणून ज्येष्ठांना एका वेळी अडीच-तीन ग्रॅम ल्युसीन लागतं. २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमधून साधारण अडीच ग्रॅम मिळतं. तितक्याच कोलॅजेनमधून जेमतेम पाऊण ग्रॅम.

कोलॅजेन येतं जनावरांच्या कातडी-हाडांतून किंवा माशांच्या खवल्यांतून. हाड मोडलं की आपल्याकडे पाया सूप देतात, त्यात तेच उतरलेलं असतं. (शाकाहारी घरांनी डब्यावरची खूण आधी पाहावी.) कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल अजिबात नसतं. हे काही नवं नाही. पॅरिसमध्ये गरिबांना आणि रुग्णांना मांसाऐवजी हाडांच्या जिलेटिनचं, म्हणजे शिजून विरघळलेल्या कोलॅजेनचं, सूप दिलं जाई. त्याची शहानिशा करणाऱ्या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅजेंडी यांच्या समितीने १८४१ मध्येच सांगितलं, की नुसत्या जिलेटिनवर कुत्रीही जगत नाहीत. तरी १९७० च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवायला लोक जवळपास फक्त कोलॅजेनच्या द्रवावर राहिले, आणि हृदयाची लय बिघडून कित्येक जण दगावले.

मग डब्यावरचे आकडे सारखे कसे? कारण प्रोटीन मोजायची रूढ पद्धत त्यातला नायट्रोजन मोजते. कोणतं अमिनो आम्ल आहे आणि कोणतं नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही.

कोलॅजेन टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. कंडरा, त्वचा, सांधे यांच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जरूर द्या, फक्त दिवसभराच्या प्रोटीनच्या हिशोबात धरू नका. तो हिशोब आजारी ज्येष्ठांसाठी किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतं, एका अंड्यातून सहा. भूक मेलेल्या माणसाला एवढं जेवून जमत नाही, तिथे व्हेचा चमचा उपयोगी पडतो. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका. दूध पचत नसेल तर व्हेचा ‘आयसोलेट’ हा प्रकार घ्या, त्यात लॅक्टोज फार कमी असतं. आणि फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम, मग तो खुर्चीतून उठणं-बसणं एवढाच का असेना, रोज करून घ्या. स्नायूंवर भार पडला नाही तर व्हेचाही पुरता उपयोग होत नाही.